५२८ आणि ५१२

लॉगमध्ये ओळ होती, 'अननोन फॅमिली ५२८'. तिच्याखाली तशाच आणखी चार-पाच, आणि मध्येच एक वेगळी, 'अननोन फॅमिली ५१२'. २०१२ चा जुलै महिना होता. पुण्यातलं आमचं ऑफिस संध्याकाळी सातनंतर रिकामं व्हायचं. माझ्या टेबलावर माझं लिनक्सचं मशीन होतं आणि शेजारी त्याच आठवड्यात आलेलं नवंकोरं मॅक. दोन्ही एकाच स्विचला जोडलेली. पिंग जात होतं, जोडणी होत होती, पण मॅककडून आलेली यादी लिनक्सवरचा आमचा एजंट घ्यायलाच तयार नव्हता.

एजंट म्हणजे ग्राहकाच्या प्रत्येक मशीनवर मागे शांतपणे चालणारा एक लहानसा प्रोग्राम. तो लॉग गोळा करायचा आणि ऑफिसातल्या मुख्य मशीनकडे पाठवायचा. मुख्य मशीन सापडलं नाही, तर शेजारच्या एजंटला विचारायचा, 'तुला कोण कोण माहीत आहे?' मग शेजारी आपल्याकडची पत्त्यांची यादी द्यायचा. ही यादीच बिघडली होती. मूळ कोड सहा वर्षांपूर्वीचा, आणि ज्यांनी लिहिला त्यांच्यासमोर फक्त लिनक्स होतं. माझ्यावर काम आलं होतं ते हाच एजंट मॅक, विंडोज, फ्रीबीएसडी आणि एका ग्राहकाकडच्या स्पार्क प्रोसेसरच्या सोलारिस मशीनवर चालवून दाखवायचं. मी साहेबांना 'दोन आठवडे' असं सांगून बसले होते.

आधी वाटलं ५२८ हा एरर कोड असेल. सगळ्या हेडर फाइली चाळल्या, पण ५२८ नावाचं काही कुठेच नव्हतं. आमच्याकडे एक ज्येष्ठ सर होते, सिस्टिम्सच्या कामात केस पांढरे झालेले. घरी निघता निघता ते माझ्या खुर्चीमागे थांबले. पडद्याकडे थोडा वेळ बघितलं आणि विचारलं, "दोन्हींची वजाबाकी केलीस का?"

"सोळा येते, सर."

"मग सोळा कशाची लांबी आहे ते आठव," असं म्हणून ते छत्री घेऊन निघून गेले.

सोळा. सॉकेटच्या कोडमध्ये काम करणाऱ्याला हा आकडा पाठ असतो. आयपीव्ही४ चा पत्ता ज्या साच्यात ठेवतात, तो साचा बरोबर सोळा बाइटांचा. पहिल्या दोन बाइटांत फॅमिली, म्हणजे हा कोणत्या जातकुळीचा पत्ता आहे ते. पुढच्या दोनांत पोर्ट, त्यापुढच्या चारांत खुद्द पत्ता, आणि उरलेली आठ बाइट कोरी. आयपीव्ही४ ची फॅमिली सगळीकडे २. लिनक्स घ्या, विंडोज घ्या, काहीही घ्या, २ च. हा आकडा १९८३ साली बर्कली विद्यापीठाच्या ४.२ बीएसडीमधून बाहेर पडला आणि सॉकेट जिथे जिथे गेलं तिथे तिथे तोही गेला.

मी मॅककडून आलेल्या पॅकेटचा हेक्सडम्प काढला. माझ्या लिनक्सवर या साच्याची सुरुवात '०२ ००' अशी दिसते, कारण आमचे प्रोसेसर आकड्याचा लहान भाग आधी ठेवतात. मॅकच्या पॅकेटची सुरुवात होती '१० ०२'. हेक्समधलं १० म्हणजे आपलं १६. लिनक्सने ती दोन बाइट एकच आकडा समजून वाचली, दोनशे छप्पन्न दुणे पाचशे बारा, अधिक सोळा, पाचशे अठ्ठावीस. मॅकवर मात्र तिथे दोन वेगळी खाती होती. पहिल्या बाइटात साच्याची लांबी, सोळा. दुसऱ्यात फॅमिली, दोन.

मग ५१२ कुठून आलं? तिथे बाइट होती '०० ०२'. लांबीच्या जागी शून्य. हे पत्ते आमच्याच कोडने सेटिंगच्या फाइलमधून वाचून हाताने भरलेले होते, आणि लिनक्सवर वाढलेल्या कोडला लांबीचं खातं भरायचं असतं हे ठाऊकच नव्हतं. जे पत्ते मॅकच्या कर्नलने भरून दिले त्यांत सोळा आलं होतं, जे आम्ही भरले त्यांत शून्य. त्या रात्री साडेनऊला ऑफिसच्या शिपायाने दिवे बंद करायला सुरुवात केली तेव्हा मी कागदावर ही दोन बाइट सहाव्यांदा लिहून बघत होते, आणि मला इतका आनंद झाला होता की त्याला सांगावंसं वाटलं.

हे लांबीचं खातं आलं कुठून, ते मी नंतर रिचर्ड स्टीव्हन्स यांच्या 'युनिक्स नेटवर्क प्रोग्रॅमिंग'मध्ये वाचलं. १९९० च्या सुमारास बर्कलीच्या लोकांनी ४.३ बीएसडी रेनोमध्ये ओएसआय प्रोटोकॉलना जागा करून दिली. त्या प्रोटोकॉलमध्ये पत्त्याची लांबी कमी-जास्त असायची, म्हणून साच्यातच लांबी लिहायची सोय हवी होती. दोन बाइटांच्या फॅमिलीतलं एक बाइट त्यांनी लांबीला दिलं. फ्रीबीएसडी, नेटबीएसडी, ओपनबीएसडी आणि मॅक ही त्याच घराण्यातली असल्याने ती वाटणी त्यांच्याकडे राहिली. लिनक्स, विंडोज आणि सोलारिस यांनी ती घेतली नाही. पॉझिक्स या मानकानेही लांबीचं खातं सक्तीचं केलं नाही. फॅमिली, पोर्ट आणि पत्ता ही नावं साच्यात असली पाहिजेत, एवढंच ते सांगतं. ती कुठल्या क्रमाने आणि आजूबाजूला आणखी काय, ते ज्याचं त्याने ठरवायचं.

म्हणजे चूक मॅकची नव्हती, लिनक्सचीही नव्हती. आमच्या कोडमध्ये पत्त्याचा साचा मेमरीतून जसाच्या तसा उचलून पॅकेटमध्ये ओतला होता. एका ओळीचं काम. सहा वर्षं ती ओळ सुरळीत चालली, कारण पाठवणारा आणि घेणारा एकाच घरातले होते. याबद्दल माझं मत तेव्हापासून ठाम आहे. साचा ही त्या मशीनची घरातली मांडणी असते. तिच्यातलं काय बाहेर जायचं ते आपण एकेक करून काढून द्यावं, अख्खी मांडणी उचलून दुसऱ्याच्या दारात ठेवू नये. नव्या लोकांचा कोड तपासताना मला साच्याची अशी थेट नक्कल दिसली, की मी ती मान्य करत नाही, मग मुदत उद्याची का असेना.

आयपीव्ही६ कडे वळल्यावर फॅमिलीचा आकडाही सगळीकडे एक नाही हे कळलं. लिनक्सवर १०, विंडोजवर २३, सोलारिसवर २६, फ्रीबीएसडीवर २८, मॅकवर ३०. नव्वदच्या दशकात आयपीव्ही६ आलं तोवर प्रत्येकाने आपापल्या यादीतले खालचे आकडे ॲपलटॉक, आयपीएक्स अशा इतर प्रोटोकॉलना देऊन टाकले होते. ज्याच्याकडे जो आकडा मोकळा होता तो त्याने लावला. कोडमध्ये आकड्याऐवजी नाव लिहिलं तर काही बिघडत नाही, त्या त्या मशीनवर ते नाव बरोबर आकडा देतं. पण आमच्या डेटाबेसमध्ये कोणीतरी सरळ १० साठवून ठेवले होते.

कोड नव्याने लिहिणं तसं सोपं होतं. पॅकेटमध्ये फॅमिलीसाठी आमचंच एक बाइट, त्यात ४ किंवा ६. मग पोर्टची दोन बाइट आणि पत्त्याची चार किंवा सोळा. पोर्ट आणि पत्ता साच्यातच नेटवर्कच्या क्रमाने ठेवलेले असतात, मोठा भाग आधी. तो क्रम सगळ्या मशीनवर एकच, त्यामुळे तिथे काही करावं लागलं नाही. अवघड होतं ते जुनं निभावणं. ग्राहक सगळी मशीनं एका दिवशी बदलत नाहीत. दोनशेपैकी वीस मशीनांवर नवा एजंट आणि एकशे ऐंशींवर जुना, असं महिनोन् महिने चालतं. विंडोज, मॅक आणि फ्रीबीएसडीवर चाचणीपुरते लावलेले जुन्या कोडचे एजंटही काही ठिकाणी तसेच राहिले होते. नव्याला या सगळ्यांची यादी वाचता आली पाहिजे.

मी दोन दिवस फक्त पहिल्या दोन बाइटांवर घालवले. '०२ ००' दिसलं तर लिनक्स किंवा विंडोजचा आयपीव्ही४. '१० ०२' दिसलं तर बीएसडी घराण्याचा. '०ए ००' म्हणजे लिनक्सचा आयपीव्ही६, '१७ ००' विंडोजचा, '१सी १ई' मॅकचा. '०० १ए' सोलारिसचा, कारण स्पार्क प्रोसेसर मोठा भाग आधी ठेवतो. आणि '०० ०२'? इथे मी अडले. हा सोलारिसचा आयपीव्ही४ असू शकतो, किंवा लांबी न भरलेला मॅकचा. दोन बाइटांवरून ओळखायला काहीच मार्ग नाही. बराच वेळ डोकं धरून बसल्यावर लक्षात आलं की ओळखायची गरजच नाही. दोन्हीकडे अर्थ आयपीव्ही४ च, आणि पुढची पोर्टची आणि पत्त्याची बाइट तंतोतंत त्याच जागी. तो तक्ता मी एका पानावर शाईने लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवला. पुढे नोकरी बदलली तेव्हा तेवढं पान सोबत आणलं.

या तपासणीत आणखी एक गोष्ट उघडी पडली. जोडणी आली की समोरच्याचा पत्ता घ्यायला आमचा कोड सोळाच बाइटांची जागा देत होता. आयपीव्ही६ चा साचा बहुतेक मशीनांवर अठ्ठावीस बाइटांचा. जागा कमी पडली तर लिनक्सचा कर्नल तक्रार करत नाही. मावेल तेवढं भरतो आणि खरी लांबी किती होती तेवढं सांगून ठेवतो. ती लांबी बघायची आपण. आम्ही बघत नव्हतो. त्या अठ्ठावीसपैकी पहिली आठ फॅमिली, पोर्ट आणि फ्लोच्या माहितीत जातात, म्हणजे सोळांत पत्त्याची जेमतेम पहिली आठ बाइट बसतात. आयपीव्ही६ मध्ये साधारणपणे पत्त्याचा पुढचा अर्धा भाग नेटवर्कचा आणि मागचा अर्धा त्या मशीनचा असतो. आमच्याकडे उरायचा तो नेटवर्कचा अर्धा, बाकी शून्यं. लॉगमध्ये एका मजल्यावरची सगळी मशीनं एकाच पत्त्यावर राहत होती! ग्राहकाच्या माणसाने हे आम्हाला फोनवर कळवलंही होतं आणि आम्ही त्याला 'तुमच्या राउटरमध्ये बघा' असं सांगितलं होतं. मी त्याला फोन करून चूक आमची होती हे सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, मी राउटर बदलला." हे अजूनही मनाला लागतं. पत्त्याला जागा कमी पडू नये यासाठीच १९९९ साली एक मोठा साचा ठरवला गेला, सॉकॲडर स्टोरेज नावाचा. बहुतेक मशीनांवर तो १२८ बाइटांचा आहे, आणि कोणत्याही जातीचा पत्ता त्यात मावतो. आम्ही ज्या वर्षी कोड लिहिला, त्याच्या आधी सात वर्षं तो उपलब्ध होता.

विंडोजने वेगळीच परीक्षा घेतली. लिनक्सवर आयपीव्ही६ चं एक सॉकेट उघडून ठेवलं की त्यावर आयपीव्ही४ वालेही येऊ शकतात. त्यांचा पत्ता आयपीव्ही६ च्या वेषात समोर येतो. मी तशीच मांडणी केली. लिनक्सवर चालली, मॅकवर चालली. विंडोजवर बिल्ड झालं, एजंट सुरू झाला, एकही एरर नाही, आणि आयपीव्ही४ वरून येणाऱ्याला मात्र दार बंद. कारण विंडोजवर 'फक्त आयपीव्ही६' हा पर्याय सुरुवातीपासून चालू असतो. फ्रीबीएसडीवरही तसंच. ओपनबीएसडीवर तर तो बंद करताच येत नाही, सुरक्षेच्या विचाराने त्यांनी ती वाटच ठेवलेली नाही. आणि विंडोज एक्सपीवर, जो तेव्हा आमच्या निम्म्या ग्राहकांकडे होता, एका सॉकेटवर दोघांना घ्यायची सोयच नव्हती.

शेवटी मी कोणत्याही मशीनच्या सवयीवर विसंबायचं सोडलं. आयपीव्ही६ साठी एक सॉकेट, त्याला स्वतःहून सांगायचं की फक्त आयपीव्ही६ घे. आयपीव्ही४ साठी दुसरं. हे न सांगता लिनक्सवर दुसरं सॉकेट उघडायला गेलं तर 'पत्ता आधीच वापरात आहे' असं उत्तर येतं, कारण पहिल्याने दोन्ही दारं अडवलेली असतात. दोन सॉकेटांनी कोड पंचवीसेक ओळींनी वाढला. सरांनी तो बघितला आणि "आता हे वाचून मशीन कोणतं आहे ते कळत नाही, हे बरं," एवढंच म्हणाले. त्यांच्याकडून ही मोठी शाबासकी होती.

लिंक-लोकल पत्त्यांचं समजायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. 'एफई८०' ने सुरू होणारे हे पत्ते फक्त त्या वायरपुरते चालतात. आपल्याकडे खेड्यात घराचा पत्ता सांगतात, 'मारुतीच्या देवळामागे'. गावातल्या माणसाला तेवढं पुरतं. पण मारुतीचं देऊळ गावोगावी असतं. गाव कोणतं हे सांगितल्याशिवाय बाहेरच्याला त्या पत्त्याचा उपयोग नाही. एका मशीनला दोन नेटवर्क कार्डं असली की दोन्हींवर एफई८० असतो, म्हणून पत्त्यामागे टक्क्याचं चिन्ह देऊन कोणतं कार्ड ते लिहायचं. लिनक्सवर तिथे कार्डाचं नाव येतं, 'ईटीएच०' असं. विंडोजवर येतो आकडा, १२ किंवा १७. साच्यात मात्र दोन्हीकडे आकडाच बसतो, आणि तो त्या मशीनने आपल्यापुरता दिलेला असतो. माझ्या मशीनवरचं २ म्हणजे तुमच्या मशीनवरचं २ नव्हे. आमची यादी हा आकडाही इकडून तिकडे पाठवत होती. घेणारा तो आपला समजून भलत्याच कार्डावर हाका मारत बसायचा.

फ्रीबीएसडीवर राउटिंगचे तक्ते वाचताना मला 'एफई८०' च्या लगेच पुढे एक अनाहूत आकडा दिसला. पत्त्याच्या आतच, जिथे शून्यं असायला हवीत तिथे. मला वाटलं आमच्या कोडने मेमरी बिघडवली. तसं नव्हतं. बीएसडीचं आयपीव्ही६ बहुतांशी जपानमधल्या कामे प्रकल्पातून आलं, १९९८ ते २००६ या काळातलं काम. त्यांनी कर्नलच्या आत कार्डाचा आकडा पत्त्याच्याच तिसऱ्या-चौथ्या बाइटांत ठेवला होता, आणि काही वाटांनी तो तसाच बाहेर यायचा. 'कामे' म्हणजे जपानीत कासव. त्यांच्या संकेतस्थळावर एक कासव होतं. आयपीव्ही४ वरून गेलात तर ते जागचं हलायचं नाही, आयपीव्ही६ वरून गेलात तर नाचायचं. सरांनी मला हे सांगितलं तेव्हा आमच्या ऑफिसच्या जोडणीला आयपीव्ही६ नव्हतं, त्यामुळे आमचं कासव स्थिरच राहिलं. जुनइचिरो हागिनो हे त्या प्रकल्पातले एक प्रमुख प्रोग्रॅमर, २००७ साली गेले. त्यांच्या हातचा कोड मी महिनाभर ओळ न ओळ वाचत होते. आपल्याला कधी न भेटलेल्या माणसाची शिस्त अशी शिकता येते, याबद्दल मला फार कृतज्ञता वाटते.

बाकीची डागडुजी भराभर झाली. पत्ता अक्षरांत छापायला जुनं फंक्शन एकच ठरलेली जागा पुन्हा पुन्हा वापरतं, त्यामुळे एकाच ओळीत 'कुठून' आणि 'कुठे' छापलं की दोन्हीकडे तोच पत्ता यायचा. ते काढलं. नावावरून पत्ता शोधायला जुनं गेटहोस्टबायनेम जाऊन गेट-ॲडर-इन्फो आलं. ते एक पत्ता न देता यादी देतं, आणि पहिला लागला नाही तर दुसरा, तिसरा असं जावं लागतं. त्याने नाव सापडलं नाही असं सांगितलं तर लिनक्सवर उणे २ येतं, मॅकवर ८, विंडोजवर ११००१. म्हणून आकडा बघायचा नाही, नावाने विचारायचं. गेट-ॲडर-इन्फो वापरणं पुढे फार कामाला आलं. १ जून २०१६ पासून ॲपलने आयफोनच्या ॲपना फक्त आयपीव्ही६ असलेल्या नेटवर्कवर चालून दाखवायची अट घातली, तेव्हा आमच्या मोबाइलच्या टीमला पत्ता शोधण्याच्या कोडमध्ये एकही ओळ बदलावी लागली नाही.

दोन आठवड्यांचं काम साडेतीन महिने चाललं. शेवटच्या आठवड्यात टेबलावर पाच मशीनं होती. सोलारिसच्या पंख्याचा आवाज एवढा मोठा होता की फोन घ्यायला मी जिन्यात जायचे. आमच्याकडे नुकताच लागलेला एक मुलगा फ्रीबीएसडीवर चाचणी चालवत होता. तो हेक्सडम्प घेऊन आला.

"ताई, इथे आपली नक्कल चुकतेय. पहिलं बाइट दोनदा आलंय."

त्याने बोट ठेवलं होतं तिथे लिहिलेलं होतं '१सी १सी'. मी त्याला खुर्ची ओढायला सांगितलं आणि माझ्या पानावरचा तक्ता दाखवला. आयपीव्ही६ चा साचा अठ्ठावीस बाइटांचा. फ्रीबीएसडीवर आयपीव्ही६ च्या फॅमिलीचा आकडाही अठ्ठावीस. हेक्समध्ये दोन्ही १सी. एक लांबी, एक जात, आणि दिसायला जुळी.

तो बराच वेळ बघत राहिला. मग त्याने कागदावर लांबी न भरलेला साचा स्वतः लिहून काढला, '०० १सी', आणि विचारलं, "मग लिनक्सवर हा किती दिसेल?"

"तूच सांग."

"सात हजार एकशे अडुसष्ट. आणि लांबी भरलेला सात हजार एकशे शहाण्णव."

"वजाबाकी?"

"अठ्ठावीस," तो म्हणाला, आणि आपल्या मशीनकडे पळाला.

ती सगळी पॅकेटं आम्ही चाचणीच्या फोल्डरमध्ये ठेवली, प्रत्येक मशीनची एक, लांबी भरलेली आणि न भरलेली. त्या जुलैच्या संध्याकाळी पकडलेलं पहिलं पॅकेटही त्यात आहे. फाइलचं नाव '५२८'. रोज रात्री दोन वाजता पाचही मशीनं ती फाइल वाचतात आणि तिच्यातून तोच एक पत्ता काढून देतात, मॅकचा, पोर्टसकट.